वर्षपत्राची पुरवणी

नाताळचा सण जवळ आला की टिटवाळ्यातील एका कुटुंबाचे पत्र आम्हांस नेमाने येते. पूर्वी ते टपालाने येई, आता भ्रमणध्वनीवर येते. मजकुराची घडण मात्र बदललेली नाही. आरंभी वर्षभरातील कृपेबद्दल परमेश्वराचे आभार, मग थोरल्या कन्येची परदेशातील नोकरी, नातवाचा बाप्तिस्मा, गृहस्थांनी निवृत्तीनंतर पुन्हा हाती घेतलेले व्हायोलिन, पत्नीचे गायनवृंदातील गाणे आणि शेवटी सर्वांस आशीर्वाद. पत्र वाचून मन प्रसन्न होते. गेली दोन वर्षे मात्र त्यात धाकट्या मुलाचे नाव आलेले नाही. एकदा भेटीत आम्ही हळूच विचारले. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फादर, ते पत्रात लिहायचं नसतं."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. घरचा वृत्तांत लिहिताना काय लिहावे आणि काय गाळावे, हा प्रश्न या गृहस्थांपुढे प्रथम उभा राहिला असे नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासात तो फार जुना आहे, आणि आमच्या ठाणे-कल्याण परिसराशी त्याचा निकटचा संबंध आहे.

सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ग्रीक भाषिक प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे कल्लियाना म्हणजेच आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. बिशप होता म्हणजे भाविक होते, भाविक होते म्हणजे घरे होती, आणि घरे होती म्हणजे लेकरे व त्यांची गाणीही असणारच. त्यांतील एकाही घराची हकिकत आज उपलब्ध नाही. तेथे बिशप होता, एवढीच ओळ उरली.

आठ शतकांनंतर ठाण्याच्या एका घराची हकिकत मात्र उरली. इ.स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सिस्कन संघाच्या चौघांना ठाण्यात हौतात्म्य आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी तेथे आला आणि हुतात्म्यांच्या अस्थी त्याने पुढे नेल्या. त्याने लिहून ठेवले आहे की, ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती व त्यांपैकी एका घरी हे धर्मबंधू उतरले होते. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले, तिने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीला पाहुण्या धर्मबंधूंचे नाव सांगितले. तेथूनच पुढचा सारा प्रसंग घडला. त्या पंधरा घरांपैकी या एकाच घराचा उंबरठा आपण आज ओलांडू शकतो, आणि तोही त्या घराने लपवावी अशा गोष्टीमुळे! ओदोरिकने ती गाळली असती, तर हुतात्म्यांचे गौरवगान राहिले असते, पण ठाण्याच्या एका दुःखी ख्रिस्ती स्त्रीची आठवण बुजून गेली असती.

लिहिणे आणि गाळणे यांविषयी विचारपूर्वक नियम घालून दिला तो येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांनी. १० डिसेंबर १५४२ रोजी पीटर फेबर या आपल्या आद्य सोबत्यास त्यांनी लिहिले की, पत्राचे दोन भाग करावेत. मुख्य पत्र असे असावे की ते कोणासही दाखविता यावे व त्याने वाचणाऱ्याची भक्ती वाढावी. आजार, अडचणी, मतभेद, मनातील सल हे सारे सुट्या कागदावर लिहावे. त्या सुट्या कागदास स्पॅनिश भाषेत 'इहुएला' म्हणत. आपण त्यास पुरवणी म्हणू. मुख्य पत्र आपण स्वतः एकदा लिहून, तपासून, पुन्हा लिहितो, असेही संतांनी त्यात नमूद केले आहे.

या नियमात लबाडी नव्हती. युरोपपासून पूर्वेकडील बेटांपर्यंत विखुरलेल्या एका धार्मिक कुटुंबाला एकत्र राखण्याचा तो प्रयत्न होता. त्या कुटुंबाची ओढ किती होती हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या एका कृतीवरून दिसते. १५४६ साली मोलुक्का बेटांकडून लिहिताना त्यांनी कळविले की, बांधवांच्या पत्रांतून त्यांच्या हस्ताक्षरातील नावे कापून घेऊन ती आपण सतत जवळ बाळगतो. पुढे येशूसंघाची पत्रे नियमित झाली, आणि १५६५ नंतर वर्षातून एकदा वृत्तांत पाठविण्याची पद्धत रूढ झाली. हीच ती प्रसिद्ध वार्षिक पत्रे. गोवा, वसई, ठाणे येथूनही ती जात. योसेफ विकी या येशूसंघीय संशोधकाने १९४८ ते १९८८ या काळात भारतातील या पत्रव्यवहाराचे अठरा खंड सिद्ध केले. त्यात दर्शनी पत्रेही आहेत आणि खासगी पत्रेही. बाप्तिस्म्यांच्या आकड्यांनी भरलेली पाने आपण चाळतो. पण एखादा धर्मगुरू आपल्या थकव्याविषयी किंवा सोबत्याशी न पटल्याविषयी लिहू लागला की आपला हात थांबतो, कारण तेथे आपल्याला माणूस भेटतो.

वृत्तांताचा विषय निघाला की संगीताचाही निघतो. आमच्या समाजात घरची खुशाली बहुधा वाद्यांवरूनच कळते. याचे मूळ गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत आहे. सोळाव्या शतकापासून त्या शाळांत अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन आणि गायन शिकवीत. पुढे व्हायोलिन आले. ही विद्या पोटासाठी मुंबईस आली, बँडांत शिरली, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रुजली. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते, आणि पुढे अँथनींकडे शिकलेल्यांत संगीतकार प्यारेलाल होते. १८५४ साली लोहमार्ग कल्याणास पोहोचला, १८५५ साली टिटवाळ्यावरून वाशिंदपर्यंत गेला. त्या मार्गाने पुढील काळात गोवा, वसई, मंगळूर, अहमदनगर अशा ठिकठिकाणची ख्रिस्ती कुटुंबे नोकरीधंद्यासाठी या परिसरात आली. कोणी व्हायोलिनची पेटी आणली, कोणी बाजाची पेटी. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान दिले, आणि या दोन्ही पेट्या एका वेदीसमोर आल्या.

संगीतप्रिय धार्मिक कुटुंबाचे जगातील सर्वांत प्रसिद्ध वर्तमान योहान सेबास्टियन बाख यांनी लिहिले आहे. ते लूथरपंथीय होते, तरी त्यांचे संगीत आज आमच्याही मंदिरांत आदराने वाजते. २८ ऑक्टोबर १७३० रोजी लाइपझिगहून एका बालमित्रास लिहिताना त्यांनी घरची हकिकत दिली. थोरला मुलगा कायद्याचा अभ्यास करतो, त्याच्या मागचे दोघे शाळेत आहेत, पत्नीचा आवाज निर्मळ आहे, थोरली कन्याही बरी साथ करते, सर्व मुले जन्मजात संगीतकार असून घरातल्या घरात गायनवादनाची मैफल उभी राहू शकते. १७३५ साली त्यांनी आपल्या वंशातील संगीतकारांची टिपणेही तयार केली.

हे झाले दर्शनी पत्र. पण त्याच पत्रात, नोकरीत मन रमत नाही, महागाई फार आहे आणि गतवर्षी हवा निरोगी राहिल्याने अंत्यविधींचे उत्पन्न घटले, असेही ते मोकळेपणाने सांगतात. त्यांच्या वीस अपत्यांपैकी दहाच मोठी झाली. पुढे त्यांचा योहान गॉटफ्रीड बर्नहार्ड हा मुलगा ऑर्गनवादकाची नोकरी सोडून, कर्ज मागे ठेवून, न सांगता निघून गेला. २४ मे १७३८ रोजी बाख यांनी एका हितचिंतकास लिहिले की, हा क्रूस आपणास धीराने वाहिला पाहिजे, मुलगा कोठे आहे हे आपणास ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी तो येना येथे वारला. त्याचे वय चोवीस होते. बाख यांच्या भक्तिसंगीतातील दुःखाचे स्वर ऐकताना आम्हांस हे पत्र आठवते. या बापाने मुलाचे नाव गाळले नाही.

आणि मराठीत? मराठीत ही पुरवणी एका स्त्रीने लिहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या बालपणाची काही वर्षे कल्याणातच गेली. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजने आणि कीर्तने यांनी मराठी ख्रिस्ती समाजाला आपला सूर दिला, आणि ती भजने आज आमच्या कॅथॉलिक गायनवृंदांच्या वह्यांतही सापडतात. या घराचे दर्शनी पत्र लिहावयाचे तर मजकूर उदंड होता. यजमान कवी, पत्नी कीर्तन करणारी, बालकवी ठोंबरे यांच्यासारखा कवी काही काळ घरात वाढलेला, पुत्र देवदत्त लेखक. पण लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध करावयास आरंभ केला तेव्हा त्यांनी पतीचा संताप, त्यांचे न सांगता घर सोडणे, घरातील ओढगस्त, धर्मांतरानंतरची सुमारे पाच वर्षांची ताटातूट आणि त्या काळात झालेली मनाची होरपळ हे सारे सांगितले. सांगितले तेही हसतखेळत, कोणावर सूड न उगवता. टिळकांची थोरवी त्याने उणावली नाही. उलट, ज्यांनी टिळकांची एकही कविता वाचलेली नाही त्यांनाही ते घरच्या माणसासारखे वाटतात. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांचे अपुरे राहिलेले निवेदन देवदत्तांनी पुरे केले, आणि नातू अशोक टिळक यांनी पुढे ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आईने काहीही न लपवता लिहिले म्हणून मुलानातवंडांना त्याची लाज वाटली नाही. त्यांनी ते जपले.

विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबास 'घरगुती ख्रिस्तसभा' म्हटले. त्या घरगुती ख्रिस्तसभेचा आदर्श म्हणून आपण नाताळच्या सप्ताहात पवित्र कुटुंबाचा सण साजरा करतो. संत लूक सांगतात की, मरिया व योसेफ वल्हांडणासाठी दरवर्षी यरुशलेमेस जात. एवढ्या वर्षांच्या यात्रांपैकी लूक यांनी एकाच वर्षाची हकिकत सविस्तर लिहिली, आणि ती मूल हरवल्याची! बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस सापडत नाही, आईबाप व्याकूळ होऊन शोधतात, आणि भेटल्यावर त्याचे उत्तर त्यांना उमगतही नाही. शुभवर्तमानकाराने हे गाळले नाही. मातेने या साऱ्या गोष्टी अंतःकरणात जपल्या, असेही तो लिहितो.

घरचे सर्व काही चव्हाट्यावर मांडावे, असे आमचे म्हणणे नाही. इग्नाशियस यांनी सुटा कागद निराळा ठेवावयास सांगितला त्यात शहाणपण होते. परंतु त्यांनी तो लिहावयास सांगितला होता, हे आम्ही विसरलो. दर्शनी पत्र तेवढे आम्ही उचलले. कुटुंबांनाच का दोष द्यावा? आमच्या धर्मग्रामाच्या इतिवृत्ताची वहीदेखील सण, बाप्तिस्मे, विवाह आणि पाहुण्यांच्या भाषणांनी भरली आहे. ज्या वर्षी गायनवृंद भांडून फुटला, ज्या वर्षी एका घरातील मुलगा रुसून मिस्सेस येईनासा झाला आणि आम्हीही त्याच्या दारी गेलो नाही, त्या वर्षाच्या पानावर तसे काहीच नाही. तेथे सारे वर्ष आनंदाचे आहे.

या नाताळात टिटवाळ्याहून नेहमीचे पत्र भ्रमणध्वनीवर आले. चार दिवसांनी मिस्सा संपल्यावर ते गृहस्थ सामानघराच्या दारात थांबले आणि त्यांनी घडी घातलेला एक कागद आमच्या हाती दिला. तो हाताने लिहिलेला होता. पहिल्या ओळीत धाकट्या मुलाचे नाव होते. पुढचा मजकूर त्यांचा आहे, तो येथे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्या रात्री आम्ही इतिवृत्ताची वही काढली, ते आनंदाचे पान उघडले आणि खाली जेथे जागा मोकळी होती तेथे लिहावयास बसलो.