अफूचा मुलूख आणि वेदनेचे अंतर

माळव्याच्या काळ्या जमिनीत अफूचे पीक कित्येक पिढ्यांपासून निघत आले आहे. शिंदे-होळकरांच्या मुलखातील हा माल एके काळी पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे जाई. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्याचा ओघ मुख्यतः मुंबईकडे वळला. आजही मंदसौर, नीमच व रतलाम या भागांत सरकारी परवान्याने अफूची लागवड होते, आणि नीमच व गाझीपूर येथे अफूवर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत.

या अफूतूनच मॉर्फिन निघते. कर्करोग बळावला आणि बरा होण्याची आशा उरली नाही, म्हणजे रोग्याची शेवटची मागणी एवढीच असते की, वेदना थांबावी. अशा रोग्याच्या वेदनेचा, मनःस्तापाचा आणि त्याच्या कुटुंबावरील भाराचा एकत्र विचार करणाऱ्या उपचारास उपशामक सेवा म्हणतात. १९६७ साली सिसिली साँडर्स या विदुषीने लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णाश्रयस्थान उघडले, तेव्हापासून या सेवेस शास्त्रशुद्ध रूप आले. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत सांगितली. तीव्र वेदनेसाठी तीत तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फिनला मुख्य स्थान होते. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले. गोव्यातही लोटली येथे त्याची शाखा निघाली.

परंतु नेमक्या याच सुमारास, १९८५ साली, देशात अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा झाला. व्यसनास व चोरट्या व्यापारास आळा घालणे हा त्याचा हेतू रास्तच होता. तथापि प्रत्येक राज्याचे नियम निराळे झाले. मॉर्फिन ठेवण्यासाठी रुग्णालयाला निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने एकाच वेळी बाळगावे लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी ठरत. औषधविक्रेते व रुग्णालये या कटकटीतून अंग काढून घेऊ लागली. १९९७ साली साऱ्या देशाचा मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोग्रॅमवर उतरला. डॉक्टरांची एक पिढी हे औषध न हाताळताच पदवी घेऊन बाहेर पडली.

ज्या केरळात परवान्याचे अफूचे एकही शेत नाही, तेथे मात्र निराळे चित्र उभे राहिले. १९९३ साली कोळिकोड येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक व उपशामक सेवेची संस्था काढली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात व आसपास शेजारीपाजारीच स्वयंसेवक झाले. परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. जखमा धुणे, औषध पोचविणे, रोग्याच्या घरी शिधा देणे ही कामे गावाने अंगावर घेतली. २००८ साली राज्य सरकारने याविषयी धोरण जाहीर केले आणि पंचायतींनाही या कामात गुंतविले.

अफू पिकविणाऱ्या मुलखाला जे लाभले नाही ते केरळला लाभले, याचे कारण जमिनीत नाही. नियम सोपे करणारे शासन, औषध देण्यास न कचरणारा डॉक्टर आणि दार ठोठावणारा शेजारी हे तिघे तेथे एकत्र आले. २०१४ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली, आणि अत्यावश्यक औषधांपुरती अनेक परवान्यांची जागा राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एकाच मान्यतेने घेतली. देशभर एकच नियम लागू करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

पण कायद्याने वाट मोकळी केली, तरी तीवरून चालणारी माणसे हवीत. प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका अजूनही बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. खेड्यातला रोगी मोठ्या रुग्णालयातून ‘आता घरी न्या’ एवढा निरोप घेऊन परततो, आणि तेथून पुढचे दिवस त्याचे घरच त्याला सांभाळते. नीमचच्या कारखान्यापासून माळव्यातल्या अशा एखाद्या घराचे अंतर थोड्याच कोसांचे असेल. ते तोडावयाचे, तर अफूचे शेत जवळ असून भागत नाही. मॉर्फिनची गोळी त्या घरापर्यंत नेणारे कोणी तरी तालुक्याच्या गावी असावे लागते.