तगर कुठली? दारातली की डोंगरातली?



एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री. मध्यरात्री मोटार चालू करायची, दारं मोडत पहाट करायची आणि उजाडलं की धारा, वैरण, डेअरी आहेच. असं वर्षानुवर्षं केलं की माणसाची झोप मोडते ती मोडतेच. मग कोणी जायफळ उगाळून घेतं, कोणी दुधात गंठोडा टाकतं. आता मोबाईलवर निरोप फिरायला लागलाय की तगरीचं मूळ दुधातून घ्या, गाढ झोप लागते.

आपल्या काटेवाडीत काय, बारामती-इंदापुरात कुठंही तगर कुठाय विचारलं, तर माणूस दारातल्या झाडाकडं बोट दाखवील. पांढऱ्या फुलाचं, पान तोडलं की चीक येणारं, रोज देवाला वाहतो ते. ज्या मुळाबद्दल तो निरोप आहे, ते या झाडाचं मूळ नव्हे. नाव एक, झाडं दोन. ही भानगड आजकालची नाही, म्हणून तिचा इतिहास लिहितोय.

औषधातलं तगर हिमालयात येतं. काश्मीरपासून पूर्वेकडं, साधारण दीड-तीन हजार मीटर उंचीवर, ओल्या सावलीत. झाड म्हणावं एवढं ते नसतंच, गुडघ्याच्या खालीच राहणारं झुडूप. आपल्या उन्हात आणि आपल्या पावसावर ते जगायचं नाही. युरोपात याचंच भावंड वाढतं, त्याला व्हॅलेरियन म्हणतात. दोघांच्या वाळलेल्या मुळाला उग्र वास येतो, दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यासारखा. माणूस नाक मुरडतो, पण मांजराला तो वास फार आवडतो.

आपल्या जुन्या ग्रंथांत तगर ठिकठिकाणी आहे. धम्मपदात चंदन आणि मोगऱ्याच्या जोडीला सुवासाची वस्तू म्हणून त्याचं नाव येतं. सुश्रुताच्या एलादि गणात ते वेलची आणि जटामांसीच्या पंगतीला बसलंय. चरकानं थंडी घालवणाऱ्या दहा औषधांची यादी दिली, तिच्यात पहिलंच नाव तगराचं. म्हणजे त्या यादीत तगर आहे ते झोपेसाठी नाही, अंगात भरलेली थंडी काढण्यासाठी. झोपेसाठी व्हॅलेरियन सांगितलं ते तिकडं रोमच्या राज्यात, दुसऱ्या शतकातल्या गॅलन नावाच्या वैद्यानं. पुढं युरोपातल्या औषधाच्या दुकानांत ते शेकडो वर्षं टिकलं, आणि इंग्रजी अमलात आपल्या हिमालयातल्या मुळालाही 'इंडियन व्हॅलेरियन' म्हणायला लागले.

आता नावाचा घोळ. तो फक्त आपल्यासारख्या शेतकऱ्यांनीच घातला असं समजू नका. विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज्ज, संस्कृत शिकलेला मोठा विद्वान माणूस. १७८४ साली एशियाटिक सोसायटी त्यांनीच काढली. जुन्या ग्रीक-रोमन पुस्तकांत 'नार्द' नावाच्या सुगंधी मुळाचं फार कौतुक आहे, ते हिंदुस्थानातून तिकडं जायचं. ते मूळ म्हणजे आपली जटामांसी, हे जोन्सनी बरोबर ओळखलं आणि १७९० साली लेख छापला. पण जटामांसी म्हणून त्यांच्या हाती आलेलं रोप निघालं दुसरंच, तगराचं. त्यावरून तगराचं शास्त्रीय नाव पडलं 'व्हॅलेरियाना जटामांसी', आणि आजही तेच चालतं. खरी जटामांसी वेगळी आहे, आणखी उंचावर येते आणि आता जगातूनच नाहीशी व्हायच्या बेताला आलीय. दिवाळीच्या उटण्यात तिचा वास आपण घेतलेला असतो.

जज्जाचं असं झालं, तर आपलं काय घेऊन बसलात! माझा तर्क असा की डोंगरातलं मूळ इकडं वाळूनच यायचं. पान-फूल कोणी पाहिलेलं नाही, हातात नुसता तुकडा. अशा वेळी नाव मोकळं राहतं आणि दुसऱ्याला चिकटतं. महाराष्ट्रात आणि बंगालातही ते दारातल्या पांढऱ्या फुलझाडाला चिकटलं. कर्नाटकात त्याच झाडाला नंदीबट्टलु म्हणतात, म्हणून तिकडं हा घोळ कमी. बाजारात वेगळं ओळखू यावं म्हणून आपल्याकडचे काष्ठौषधीवाले औषधातल्या तगराला 'तगर गंठोडा' म्हणतात. पण नुसता 'गंठोडा' म्हणजे पिंपळमूळ, तो तिसराच जिन्नस. तोही घरोघरी झोपेसाठी देतात.

एवढं नावावरून कशाला ताणायचं, असं वाटेल. ताणायचं कारण दारातल्या तगरीचं कूळ. ही कण्हेरीच्या आणि पिवळ्या बिट्टीच्या कुळातली. कण्हेर खाल्लेल्या जनावराचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. तगर कण्हेरीइतकी जहाल नाही, पण तिच्या मुळात आणि सालीत मज्जातंतूंवर काम करणारी द्रव्यं आहेत. ती उकळून दुधातून प्यायची गोष्ट नव्हे.

याच कुळात सर्पगंधाही येते. डोकं शांत करायला आणि झोपेसाठी तिचं मूळ आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या दिलं जायचं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली विलायतेतल्या हृदयरोगाच्या मासिकात छापल्या. तेव्हा जगाचं लक्ष तिकडं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. औषध खरंच कामाचं निघालं, पण मात्रा चुकली की रक्तदाब फार उतरायचा, आणि काही रोगी मनानं पार खचून जायचे. मुळात ताकद असते ती दोन्हीकडं चालते. म्हणून मूळ कुठलं आणि किती, हे कळल्याशिवाय तोंडात घालू नये.

आता ओळख. निघंटूंत तगराची दुसरी नावं आहेत नत, वक्र आणि कुटिल. तिन्हींचा अर्थ एकच, वाकडं. जुन्या लोकांनी खूण नावातच ठेवलीय बघा. खरं तगर चार-आठ सेंटिमीटरचा, बोटाएवढा किंवा बारीक, वाकडा, करड्या-तपकिरी रंगाचा तुकडा असतो. अंगावर आडव्या वळ्या, मुळ्या तुटल्याच्या खुणा आणि तो उग्र वास. दारातल्या तगरीचं मूळ म्हणजे नुसतं लाकूड, त्याला तो वास नाही. पूड घेतली तर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून पूड आंधळेपणानं घेऊ नका.

बरं, खरं तगर मिळालं तर झोप लागते का? कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही. व्हॅलेरियनवर प्रयोग पुष्कळ झाले, पण निकाल एकसारखे नाहीत. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ साली सांगितलं की पुरावा कच्चा आहे, कायमच्या निद्रानाशावर हे देऊ नये. ज्यांना झोपेची किंवा फिटची गोळी चालू आहे, जे दारू घेतात, ज्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि ज्या बाया गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय याला हात लावू नये. आणि रात्री पाण्याची पाळी असेल त्या दिवशी तर कोणीच घेऊ नये. गुंगीत स्टार्टरला हात घालणं आणि विहिरीच्या काठावरून चालणं म्हणजे जिवाशी खेळ.

बाकी आपली झोप गेली ती रात्रीच्या लाइटीनं, तिच्यावर हिमालयातलं मूळ किती पुरं पडणार? दिवसा वीज मिळाली तर अर्ध्या गावाला औषध लागायचं नाही.

तगरीची फुलं देवाला वाहा. मूळ जमिनीतच राहू द्या. तुमच्या गावात या झाडाला दुसरं काही नाव असेल, तर खाली जरूर लिहा.

राम कृष्ण हरी.