प्लायवुडची मत्स्यटाकी : जलरोधन आणि अ‍ॅक्रिलिकची खिडकी

प्लायवुडची मत्स्यटाकी म्हणजे तळ, पाठ व बाजू प्लायवुडच्या आणि दर्शनी भागात तेवढी पारदर्शक खिडकी असलेली, घरी बांधलेली मासे पाळण्याची टाकी. ३०० ते ४०० लिटरपर्यंत सगळीकडून काचेची टाकीच सोयीची पडते. त्यापुढे काचेची जाडी, वजन आणि किंमत झपाट्याने वाढते व तयार टाकी जिन्यातून वर चढवणे हेच एक मोठे काम होऊन बसते. लाकडी टाकी जागेवर जोडता येते, भिंतीच्या मापाने करता येते, आणि लाकडातून उष्णता काचेच्या मानाने फार कमी वाहत असल्याने आतल्या पाण्याचे तापमान स्थिर राहते. अडचण एकच, पण मूळचीच : लाकूड पाणी पिते, फुगते आणि कुजते.

अशा टाकीत तीन कामे तीन घटकांनी वाटून घेतलेली असतात. पाण्याचा भार लाकडी सांगाडा पेलतो, पाणी आतला लेप अडवतो आणि खिडकीभोवतीची फट सिलिकॉन बुजवते. टाकी गळते ती बहुधा यांतल्या एकाचे काम दुसऱ्यावर ढकलल्यामुळे. सांधा ढिला ठेवून तो लेपाने आवळला जाईल अशी आशा धरली जाते, किंवा खिडकी सिलिकॉनच्या चिकटण्यावर टांगली जाते.

पाण्याचा भार : १८० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि ६० सें.मी. खोल पाण्याच्या टाकीत ६४८ लिटर, म्हणजे ६४८ किलो पाणी मावते. जमिनीवर हा भार दर चौरस मीटरला ६०० किलो पडतो. टाकी, वाळू, दगड आणि स्टँड यांचे वजन वेगळे. राहत्या घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात गृहीत धरलेला चल भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो आहे. म्हणून एवढ्या टाकीची जागा तळमजल्यावर असावी. वरच्या मजल्यावर ती ठेवायची असल्यास इमारतीच्या संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय काम सुरू करू नये.

बाजूंवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, टाकीच्या लांबी-रुंदीवर नाही. ६० सें.मी. खोलीवर तो दर चौरस सेंटिमीटरला ६० ग्रॅम असतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण १२० सें.मी. रुंद, ५० सें.मी. उंच आणि पाण्याच्या पातळीखाली ५ सें.मी.पासून सुरू होणाऱ्या खिडकीवर सरासरी ३० ग्रॅमच्या हिशेबाने एकूण १८० किलोचा रेटा पडतो, आणि तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालू राहतो.

सांगाडा : प्लायवुडची प्रत त्याच्या थरांमधल्या डिंकावर ठरते. बाजारात ‘एमआर’ म्हणून मिळणारे प्लाय दमट हवेपुरते टिकते; टाकीसाठी ते निरुपयोगी आहे. आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझीन वापरलेले असते व त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात तपासला जातो. तरीही ‘मरीन’ या शब्दाने फसू नये. डिंक पाण्यात सुटणार नाही, एवढीच ती ग्वाही आहे. लाकूड पाणी पिणारच नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. शिवाय असे प्लाय वाळवी-बुरशीपासून वाचवण्यासाठी रसायनांत मुरवलेले असते आणि त्यांत तांब्याची संयुगे असू शकतात. तांबे अत्यल्प प्रमाणातही कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांना मारक असते. चांगले प्लाय घेतले म्हणून लेपात हयगय चालेल, हा समज म्हणूनच उलटा आहे.

१८ ते १९ मि.मी. जाडीचे प्लाय ६० सें.मी. खोलीला पुरते, मात्र वरच्या कडेला चहूबाजूंनी ८ ते १० सें.मी. रुंदीची आडवी चौकट आणि मध्ये एक आडवी पट्टी हवीच; नाहीतर लांब बाजू पोट काढतात. दर्शनी बाजू अखंड तुकड्यातून कापावी व खिडकीचे भोक मध्ये पाडावे. चार पट्ट्या जोडून केलेल्या चौकटीचे चारही कोपरे कमकुवत राहतात. सांध्यांना इपॉक्सी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावतात. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा डिंक इथे भरवशाचा नाही. स्क्रूंची डोकी खोल बसवून वर इपॉक्सीची पुटी भरतात.

जलरोधक लेप : घरगुती कामात द्रावकविरहित, दोन घटकांचे इपॉक्सी रेझीन सर्वांत खात्रीचे ठरते. द्रव रबरासारखे लेपही वापरले जातात. ते लवचीक असल्याने बारीक हालचाल सोसतात, पण सिलिकॉन त्यांना धरेल की नाही हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. रंगाच्या दुकानात मिळणारे साधे ऑइलपेंट किंवा पीयू पॉलिश कायम पाण्याखाली टिकत नाही.

लेपाचे यश पृष्ठभागाच्या तयारीत असते. गच्चीच्या कठड्याशी गवंडी गोलसर वाटा काढतो, तसाच वाटा टाकीच्या आतल्या प्रत्येक कोपऱ्यात काढावा लागतो. इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा किंवा टाल्क मिसळून केलेल्या लगद्याने सुमारे १ सें.मी. त्रिज्येची गोलाई येते. काटकोनी कोपऱ्यात कापड नीट बसत नाही, मागे हवा अडकते आणि पुढे तिथेच लेप तडकतो. बाहेरच्या धारदार कडांवर द्रव लेप ओघळून पातळ होतो, म्हणून त्या कडाही पॉलिश पेपरने गोल करतात. प्लायच्या कापलेल्या कडा सपाट भागापेक्षा कितीतरी जास्त रेझीन पितात. त्यांना पहिला हात भरपूर आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

पहिला हात मुरला की सांध्यांवर, आणि मोठ्या टाकीत सगळ्याच आतल्या भागावर, विणलेले काचतंतूंचे कापड अंथरून ते रेझीनने भिजवतात. कापड पारदर्शक दिसले म्हणजे भिजले. पांढुरका डाग राहिला तर खाली हवा आहे. लाकूड आर्द्रतेने हलते, सांध्यांवर केसाएवढी भेग पडू शकते; नुसता लेप तिथे फाटतो, कापड ती भेग ओलांडून धरते. वरून आणखी दोन हात द्यावेत. १ किलो रेझीनमध्ये ०.२ मि.मी. जाडीचा थर सुमारे साडेचार चौरस मीटरवर बसतो. हा हिशेब आधी केला म्हणजे लेप नकळत पातळ ओढला जात नाही. एकाआड एक हात वेगळ्या रंगाचा ठेवल्यास सुटलेली जागा लगेच दिसते.

इपॉक्सीला हवामान कळते. रेझीन आणि हार्डनर यांचे प्रमाण वजनकाट्यावरच घ्यावे; हार्डनर वाढवल्याने रेझीन लवकर आवळत नाही, ते कायमचे चिकट राहते. उन्हाळ्यात भांड्यात साठलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने काही मिनिटांत धूर सोडत घट्ट होऊ शकते, म्हणून ते लगेच पसरट ताटलीत ओततात. सकाळी लेप लावला आणि दिवस तापत गेला, तर लाकडातली हवा फुगून बाहेर येते व लेपात सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडते. तापमान उतरत असताना, दिवस कलल्यावर लावलेला पहिला हात उलट लाकडात ओढला जातो. पावसाळ्यात हे काम टाळणेच बरे, विशेषतः कोकणात. दमट हवेत हार्डनरमधील अमाइन पृष्ठभागावर मेणचट थर धरते आणि त्यावर पुढचा हात चिकटत नाही. हा थर पाण्यात विरघळतो. आधी तो पाण्याने व खरखरीत घासणीने धुऊन काढावा, मगच पॉलिश पेपर मारावा. क्रम उलटा केला तर मेणचटपणा ओरखड्यांत भरला जातो. प्लंबिंगसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडांनाही तितकाच लेप हवा. टँक निपलचा वायसर कच्चे लाकूड झाकत नाही.

खिडकी : अ‍ॅक्रिलिक (पॉलिमिथिल मेथाक्रिलेट) काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे, तितकेच पारदर्शक आणि सहजी न फुटणारे आहे. मोठ्या मत्स्यालयांच्या खिडक्या त्याच्याच असतात. जपानमधील ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयाची २००२ सालची खिडकी २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सें.मी. जाड आहे. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ च्या नूतनीकरणात अ‍ॅक्रिलिकचा बोगदा बसवला गेला.

अ‍ॅक्रिलिकचे दोष दोन. ते काचेपेक्षा वीसपटीहून अधिक लवचीक आहे, आणि तापमानाबरोबर काचेच्या सात-आठपट प्रसरण पावते. वर उल्लेखिलेल्या १२० × ५० सें.मी. खिडकीत १२ मि.मी. जाडीचा पत्रा मध्यभागी सुमारे ४ मि.मी. बाहेर वाकतो, १८ मि.मी. जाडीचा सव्वा मि.मी.च्या आसपास. जाडी दीडपट केली की बाक एक तृतीयांशाहून कमी उरतो. सतत ताणाखाली अ‍ॅक्रिलिक काळानुसार आणखी वाकते, म्हणून जाड पत्राच घ्यावा.

खिडकी चौकटीच्या आतून बसवली पाहिजे, हा या बांधणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. पत्रा भोकापेक्षा प्रत्येक बाजूने ४ ते ५ सें.मी. मोठा घेतला की पाण्याचाच रेटा त्याला बैठकीवर दाबून धरतो, आणि सिलिकॉनला फक्त मधली फट बुजवावी लागते. बाहेरून लावलेल्या खिडकीत तोच रेटा सिलिकॉनला सोलून काढू पाहतो. काचेशी सिलिकॉनचे रासायनिक बंध जुळतात, अ‍ॅक्रिलिकशी तसे जुळत नाहीत. घट्ट झालेले सिलिकॉन त्यावरून पट्टीसारखे सोलता येते. बाहेरून लावलेली अ‍ॅक्रिलिकची खिडकी म्हणून आज ना उद्या सुटते.

सिलिकॉन शुद्ध, बुरशीनाशक न घातलेले हवे. न्हाणीघरासाठी विकल्या जाणाऱ्या प्रकारांतले बुरशीनाशक माशांना घातक असते. बैठकीवरचा लेप पूर्ण पक्का झाल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडतात. अ‍ॅक्रिलिकची कड साबणाच्या पाण्याने पुसतात. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागल्यास त्यात जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात. टाकी दर्शनी बाजूवर पालथी निजवून खिडकी आधी कोरडी बसवून पाहावी. नंतर बैठकीवर सिलिकॉनची जाड, कुठेही न तुटलेली दोरी सोडून पत्रा सरळ खाली टेकवतात आणि सारखा दाबतात, पण सारे सिलिकॉन पिळून बाहेर काढायचे नाही. आधीच घट्ट करून ठेवलेल्या सिलिकॉनचे ३ मि.मी. जाडीचे तुकडे मध्ये ठेवले की थर तेवढा राहतो आणि तुकडे काढावेही लागत नाहीत. १३० सें.मी.चा पत्रा तापमान २० अंशांनी बदलल्यावर प्रत्येक टोकाला जेमतेम १ मि.मी. सरकतो. ३ मि.मी.चा थर ही हालचाल ताणून सोसतो. कागदाएवढा पातळ थर फाटतो. पत्र्याच्या कडा आणि बाजूच्या भिंती यांत ३ ते ४ मि.मी. अंतर याचसाठी सोडतात. शेवटी आतून कडेभोवती बोटाने गोलसर पट्टी ओढतात.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने, कडेकडून आत, सुरुवातीला दिवसाला २ ते ३ मि.मी. या वेगाने घट्ट होते. ४ सें.मी. रुंदीच्या बैठकीचा मधला भाग म्हणून दोन-तीन आठवडे ओला असतो. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. सिलिकॉनवर इपॉक्सी किंवा रंग बसत नाही. लेपाची सारी कामे त्याआधी संपलेली असावीत.

चाचणी आणि दुरुस्ती : पहिली भरणी घराबाहेर, चौथा-चौथा हिस्सा भरत आणि दर टप्प्यावर एक दिवस थांबून करावी. खाली वर्तमानपत्र अंथरले की पहिला थेंबही दिसतो. लांब बाजूंवर दोरी ताणून फुगवटा मोजावा. तो दिवसागणिक वाढत असल्यास आधार कमी आहे. मासे सोडण्याआधी टाकी आठवडाभर भरलेली ठेवून पाणी दोन-तीनदा बदलतात.

गळती बाहेर दिसते तिथेच आत असेल असे नाही, कारण पाणी प्लायच्या थरांमधून दूरवर वाट काढते. संशयाच्या जागी पाण्यात खाण्याच्या रंगाचा थेंब सोडला की तो छिद्राकडे ओढला जाताना दिसतो. लेपातले छिद्र सापडले तरी लाकूड पूर्ण वाळेपर्यंत, प्रसंगी काही आठवडे, ते बुजवू नये. आतला ओलावा नवा लेप उचलून टाकतो. खिडकी गळत असेल तर जुन्या सिलिकॉनवर नवे फासून उपयोग नाही, कारण नवे सिलिकॉन जुन्याला धरत नाही. पत्रा काढावा, बैठक खरवडून स्वच्छ करावी आणि पूर्ण थर नव्याने घालावा.