जुन्या इमारतींची तपासणी : यंत्रांचे आकडे आणि त्यांचा अर्थ

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत अतिधोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर होतात आणि रहिवाशांच्या हाती नोटिसा पडू लागतात. दुर्लक्षाची किंमत शहराने वारंवार मोजली आहे. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये डॉकयार्ड रोड येथे महापालिकेच्याच मालकीची इमारत कोसळून ६१ जणांचा बळी गेला. २०१७ मध्ये घाटकोपर येथे १७, तर भेंडीबाजारात ३३ जण दगावले. दुसरीकडे, घर एकदा रिकामे केले की परत कधी मिळेल याची शाश्वती नसल्याने भाडेकरू नोटिशीकडे संशयाने पाहतात. अशा वेळी सारी भिस्त असते ती संरचनात्मक परीक्षणाच्या, म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालावर. त्यातील आकडे वाचता येणे म्हणूनच रहिवाशांच्या हिताचे आहे.

कायदा काय सांगतो?

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब अन्वये ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे मालक वा भोगवटादारावर बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. अहवालानुसार इमारतीची वर्गवारी होते. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ए’ म्हणजे पूर्ण वा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होण्याजोगी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. परस्परविरोधी अहवाल आल्यास प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते.

प्रमुख चाचण्या

रिबाऊंड हॅमर : हा स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर दाबला असता आतील भार किती उसळतो, यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा आणि त्यावरून ताकदीचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज सुमारे २५ टक्क्यांनी कमी-अधिक असू शकतो. शिवाय हवेतील कार्बन डायऑक्साइड मुरल्यामुळे जुन्या काँक्रीटचा वरचा थर अधिक कठीण होतो. त्यामुळे इमारत खंगलेली असूनही आकडा चांगला येऊ शकतो.

अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी : काँक्रीटच्या एका बाजूने सोडलेली ध्वनिलहर दुसऱ्या बाजूस किती वेळात पोहोचते, हे या यंत्राच्या पडद्यावर दिसते. एम-२५ दर्जापर्यंतच्या काँक्रीटमध्ये वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरहून अधिक असल्यास दर्जा उत्कृष्ट, साडेतीन ते साडेचार असल्यास चांगला आणि त्याखाली शंकास्पद मानतात. भेगा व पोकळ्यांमुळे वेग घटतो. मात्र ओल किंवा लहरीच्या मार्गातील सळई तो वाढवूनही दाखवते.

हाफ-सेल पोटेन्शियल : यात काँक्रीटच्या आतील सळईचा विद्युतदाब मोजतात. ताम्र-ताम्रसल्फेट विद्युतअग्राने मोजताना तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेल्यास गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते. तो उणे २०० च्या वर राहिल्यास गंज नसण्याची शक्यता तितकीच असते. सळई किती झिजली आहे, हे मात्र ही चाचणी सांगत नाही.

कार्बोनेशन आणि कोअर : ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकल्यास निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. हा रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला असेल, तर तिचे संरक्षण संपले असे समजावे. यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल प्रयोगशाळेत चिरडून पाहणे, हा ताकदीचा सर्वात थेट पुरावा होय.

चाळींचे निराळे गणित

दक्षिण मुंबईतील अनेक उपकरप्राप्त इमारती काँक्रीटच्या नव्हेतच. वीट, चुना, सागवानी तुळया आणि लोखंडी गर्डर यांवर त्या उभ्या आहेत. काँक्रीटसाठीचे निकष तेथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. भिंतीत रुतलेली तुळईची टोके, वाळवी आणि शौचालयांलगतची ओल ही तेथील खरी दुखणी. त्यासाठी ओलावामापक, लाकडात बारीक सुई फिरवून आतील पोकळपणा शोधणारे यंत्र आणि दडलेली ओल दाखवणारा थर्मल कॅमेरा अधिक उपयोगी पडतो.

एक आकडा पुरेसा नाही

वरील प्रत्येक चाचणीची चूक वेगळ्या दिशेने होते. म्हणूनच त्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. तसेच एका दिवसाच्या मोजणीपेक्षा बदलाचा वेग अधिक बोलका असतो. भेगेवर बसवलेले मापक किंवा कलमापक संवेदक काही महिने नोंदी घेत राहिल्यास भेग जुनी व स्थिर आहे की वाढते आहे, हे कळते. तथापि, तळमजल्यावरच्या गाळ्यात रातोरात खांब कोणी तोडला, तर मागील वर्षीचा उत्तम अहवालही निरर्थक ठरतो. घाटकोपरच्या दुर्घटनेनंतर तळमजल्यावरील नूतनीकरणाच्या कामावरच बोट ठेवले गेले होते.

अहवालात काय पाहावे?

चाचण्या कोणत्या खांब-तुळयांवर झाल्या याचा नकाशा जोडला आहे काय? तळमजला, गच्ची आणि शौचालयांचे पट्टे तपासले आहेत काय? कोअर काढले आहेत काय? आकड्यांवरून वर्गवारी कशी ठरली, याचे कारण लिहिले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे नसलेला अहवाल, मग तो इमारत पाडा म्हणणारा असो वा सुरक्षित ठरवणारा, अपुराच समजावा आणि त्याचा खुलासा लेखी मागावा. मात्र खांब फुगणे, सळया उघड्या पडणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे किंवा माती गळू लागणे अशी लक्षणे दिसल्यास अहवालाची वाट न पाहता बाहेर पडणेच शहाणपणाचे आहे.