क्र्युले गावचे दफ्तर

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताच्या दक्षिण सीमेलगत, ओर्न जिल्ह्यात, क्र्युले नावाचे एक खेडे आहे. सुया-टाचण्यांच्या धंद्यासाठी पूर्वापार ख्यात असलेला लेगल हा कसबा तेथून जवळच. २६ एप्रिल १८०३ रोजी भर दुपारी त्या कसब्याच्या परिसरात आकाशातून हजारो दगडांचा वर्षाव झाला, आणि पॅरिसहून आलेल्या जाँ-बातिस्त बियो या शास्त्रज्ञाने गावोगाव हिंडून, लोकांच्या जबान्या घेऊन, ते दगड पृथ्वीबाहेरचेच असल्याचा निर्वाळा दिला. एवढी एक हकीकत सोडली तर या मुलखाकडे जगाने मान वळवून पाहावे असे फारसे काही सांगता येत नाही. क्र्युलेची वस्ती सतराव्या-अठराव्या शतकांत हजाराच्या आसपास होती. असे असूनही लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींत या खेड्याचे नाव एखाद्या राजधानीच्या नावासारखे घेतले जाते, आणि ही कीर्ती त्याला कोणा सरदाराच्या तलवारीने नव्हे, तर गावच्या पाद्र्यांच्या बोरूने मिळवून दिली आहे.

पाद्र्याने वही ठेवावी हा दंडक जुना. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५३९ मध्ये विलेर-कोतरे येथून जो हुकूमनामा काढला, त्यात न्यायदरबारचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत लिहावेत हे कलम जसे होते, तसेच बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचेही होते. १५७९ च्या ब्लुआ येथील हुकुमाने विवाह आणि दफन यांच्या नोंदींची त्यात भर पडली. आणि चौदाव्या लुईच्या अमलात, १६६७ मध्ये, वही दुप्रत ठेवून तिची एक प्रत न्यायकचेरीत दाखल करावी असे ठरले. पाद्री लिहीत होता तो आत्म्याच्या उद्धाराच्या काळजीने, आणि सरकार प्रत मागत होते ते वारसा व वय यांचे तंटे तोडण्यासाठी. दोघांपैकी कोणाच्याही मनात इतिहास नव्हता, आणि म्हणूनच, मला वाटते, हा पुरावा इतका निर्मळ राहिला. क्रांतीनंतर, सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने, ही वही पाद्र्याच्या हातून काढून गावच्या मेयरकडे सोपविण्यात आली.

या दफ्तराला वाचा फोडली लुई आँरी या अभ्यासकाने. पॅरिसच्या राष्ट्रीय लोकसंख्या अभ्यास संस्थेत काम करणाऱ्या या गृहस्थाला खरे कुतूहल होते ते एका वेगळ्याच प्रश्नाचे: संततिनियमनाची जाणीवपूर्वक प्रथा पडण्यापूर्वी माणसांना मुले किती व कशा अंतराने होत असत? खानेसुमारीपूर्वीच्या काळाविषयी हे सांगणार कोण? आँरीने उपाय काढला तो एखाद्या चिकाटीच्या कारकुनाला शोभणारा. प्रत्येक विवाहाची एक चिठ्ठी करायची, त्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्याचा बाप्तिस्मा तीवर उतरवायचा, मग पुढची पाने उलटीत त्यांच्यापैकी कोण केव्हा निवर्तले ते शोधून त्याच चिठ्ठीवर मांडायचे, आणि अशा रीतीने एकेक कुटुंब पुन्हा उभे करायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार-दोन नावांनी मुलांचे नामकरण करणाऱ्या खेड्यात हे काम किती जिकिरीचे, याची कल्पना ज्याने आपल्याकडील क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्या चाळल्या असतील त्यालाच यावी. एतिएन गोतिए यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला या कामाचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. १६७४ ते १७४२ या काळात क्र्युलेत लागलेली लग्ने हा त्याचा कणा होता.

त्यातून जे दिसले त्याने पुष्कळांच्या समजुतीला धक्का बसला. जुन्या काळी लग्ने कोवळ्या वयात होत, ही समजूत फ्रान्समध्येही होती. पण क्र्युलेची मुलगी पंचविशीच्या आसपास बोहल्यावर चढे आणि मुलगा त्याहून दोन-तीन वर्षे उशिरा. आपल्याकडे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा वर्षे ठरविले तेव्हा केवढा गहजब झाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा आकडा नवलाचा वाटेल. कारण मात्र साधे आहे. तेथे सून सासऱ्याच्या चुलीवर येत नसे. नव्या जोडप्याने नवी चूल मांडायची, आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा मोकळा होईपर्यंत किंवा चाकरी करून गाठीला काही जमेपर्यंत दोघांनीही थांबायचे, अशी रीत होती. त्यातही उपवासाच्या चाळीस दिवसांत आणि नाताळपूर्वीच्या पर्वात लग्ने जवळजवळ नसतच. आपल्या चातुर्मासासारखाच हा निषेध.

पंचविशीत लग्न झालेली आणि पती-पत्नी दोघेही हयात राहिलेली स्त्री चाळिशीपर्यंत सुमारे सहा मुलांची आई होई. डझनभर लेकरांची जी घरे दंतकथांतून आढळतात, ती अपवादच. दोन बाळंतपणांमध्ये बहुधा दोन वर्षांहून अधिक अंतर असे. पण तान्हे मूल अकाली दगावले की पुढचे मूल लवकर जन्मास येई. यावरून आँरीने ओळखले, की अंगावर पाजणे हाच त्या अंतराचा कर्ता आहे. पाद्र्याने केवळ दोन तारखा लिहिल्या होत्या. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एका मातेचे दूध आणि एका बाळाचा मृत्यू वाचता यावा, हे मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत विलक्षण वाटते. चारांपैकी एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे, आणि जन्मलेल्यांपैकी जेमतेम निम्मी वयात येत. सहातून तीन उरली, त्यांतले कोणी अविवाहित राहिले, कोणाचा संसार जोडीदाराच्या मृत्यूने अर्ध्यावर मोडला, म्हणजे गावची वस्ती हजाराच्या आसपासच का घुटमळत राहिली याचा हिशेब लागतो.

पद्धतीत एक उणीव मात्र राहिली. जो गाव सोडून गेला त्याची चिठ्ठी अर्धी कोरी राहते, मग तो लेगलच्या टाचण्यांच्या कारखान्यात गेलेला असो की समुद्रापार. क्र्युलेच्या दक्षिणेस पेर्श प्रांत लागतो. तेथील तुरूव्र आणि मोर्तान्य या भागांतून १६३४ पासून, रोबेर जिफार या गृहस्थाच्या पुढाकाराने, सुतार, गवंडी आणि शेतकरी यांची कुटुंबे कॅनडातील क्वेबेककडे गेली. माँट्रियाल विद्यापीठात १९६६ मध्ये आँरीच्याच पद्धतीने फ्रेंच कॅनडातील सर्व जुन्या नोंदी जुळवण्याचे काम सुरू झाले. त्यातील एक अग्रणी ह्यूबेर शार्बोनो यांनी तुरूव्रच्या दफ्तराचाही अभ्यास केला. तेव्हा पेर्शच्या वहीत बाप्तिस्म्यापुढे ज्यांचे काहीच लिहिलेले नव्हते, त्यांतील काहींचे विवाह, लेकरे आणि दफन सेंट लॉरेन्स नदीकाठच्या पाद्र्यांनी त्याच फ्रेंच भाषेत नोंदवून ठेवलेले आढळले.