रंगाखालचा लेथ

जुन्या लेथचं बेड घासून झालं, बेअरिंग बदलली, मोटर बसली, की रंगाचा डबा आणायची वेळ येते. इतके दिवस धीर धरलेला माणूस नेमका इथे घाई करतो.

आमच्या बंगळुरूत हा प्रश्न वारंवार निघतो, आणि त्याला कारण आहे. 1953 साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीचं सहकार्य घेऊन हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे आपली एचएमटी, इथेच उभी राहिली. त्याआधी 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली होती. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला, पण त्याचे लेथ अजून कामं करतात. पीण्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये या दोन्ही घरांची यंत्रं शेजारीशेजारी फिरताना दिसतील. ती विकत घेणारी मुलं मला विचारतात, "सर, याचा मूळ रंग कोणता?"

मूळ म्हणजे कधीचा, हे आधी ठरवायला हवं. एकोणिसाव्या शतकातली यंत्रं बहुतेक काळी असत. छताखालच्या शाफ्टवरून पट्ट्याने चालणारं यंत्र, अंधारी शेड, सगळीकडे तेल; काळ्यावर मळ दिसत नाही, एवढा साधा हिशोब. मग करडा आला आणि बराच काळ टिकला. 1940 च्या दशकात अमेरिकेत फेबर बिरेन नावाच्या रंगसल्लागाराने कारखान्यांना वेगळी गोष्ट पटवली. कामगाराचे डोळे दिवसभर कापणाऱ्या हत्याराच्या टोकावर असतात. भोवतीचं यंत्र गडद असलं तर चकाकता धातू आणि काळं धूड यांच्यात डोळे सारखे ताणले जातात. म्हणून यंत्राचं अंग फिकं आणि मंद असावं, धोक्याच्या जागा तेवढ्या पिवळ्या-केशरी उठून दिसाव्यात. कारखान्यांत दिसणाऱ्या त्या दवाखानी फिक्या हिरव्यामागे हा विचार आहे. जर्मनीत 1927 मध्ये चाळीस छटांनी सुरू झालेल्या राल यादीतला 6011 क्रमांकाचा हिरवाही यंत्रांवर भरपूर वापरला गेला. आपल्याकडे भारतीय मानक आयएस 5 मधले क्रमांक चालतात. दुकानात 'करडा द्या' म्हटलं तर दुकानदार दहा डबे दाखवील. 631 म्हटलं की फिका करडा, 632 म्हटलं की डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे. इंग्रजांचं आरमार गेलं, त्याचं नाव रंगाच्या डब्यावर राहिलं!

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि रंगकाम सोडावं लागलं. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. त्यांच्या घराण्याच्या लेथवर करडा की हिरवा म्हणून आज आपण तासन्‌तास भांडतो.

तर मूळ रंग शोधायचा कसा? बाहेरच्या अंगावर भरवसा ठेवू नका. जुन्या तैलरंगातलं तेल वर्षांनुवर्षं पिवळं पडत जातं, त्यामुळे निळसर करडा चक्क हिरवट दिसायला लागतो. कितीतरी 'हिरवे' लेथ मुळात करडे असतात. नावाची पट्टी काढा, स्विचच्या डब्यामागे पाहा, गिअरच्या झाकणाची कड तपासा. मग हातभर दूर, सहसा नजर जात नाही अशा जागी, रुपयाएवढा भाग बारीक पॉलिश पेपरने ओला करून हळूहळू घासा. मधोमध उघडं बीड, त्याभोवती प्रायमर, मग लांबी, मग एकेका मालकाचा रंग अशी वर्तुळं उमटतात. 2022 मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप उतरवला, तेव्हा आतलं रूप पाहून लोक थक्क झाले होते. थर काय झाकतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. योगायोग असा, की जुन्या लोखंडकामात गंज रोखायला पहिला हात याच शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा देत.

म्हणूनच कोरडं घासू नका. 2017 पासून आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाला दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा आहे. तुमच्या लेथवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असतात. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उडवलेली धूळ घरी कपड्यांवरून जाते आणि लहान मुलांना ती सगळ्यांत जास्त बाधते. ओलं घासा, चांगला मास्क लावा, मुलांना शेडमध्ये आणू नका.

ग्राइंडर टाळायचं दुसरंही कारण आहे. पुष्कळ लेथच्या बेडवर टेलस्टॉकच्या बाजूला अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि तो बहुधा लांबीखाली बुजलेला असतो. पट्टी हरवलेल्या यंत्राचा तोच जन्मदाखला. एका दुपारच्या उत्साहात तो आणि सगळे थर जातात, आणि मग कारखाना बंद असल्यावर विचारायचं कुणाला?

व्यापाऱ्याने विकण्यासाठी मारलेला चकचकीत निळा मात्र मी बिनदिक्कत काढायला लावतो. तो रंग कशासाठी असतो हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. बीडाची भेग, जोडलेला पाय, घासून संपलेला बेड यांवर लांबी आणि एनॅमल मारलं की लेथ नवरीसारखा सजतो.

चालवायच्या यंत्राला नवा रंग द्यायला माझी हरकत नाही. मी फिका करडा सुचवतो, कारण त्यावर गळणारं तेल लगेच दिसतं. मात्र घासून उमटवलेली ती रुपयाएवढी वर्तुळं रंगवू नका. त्यावर नुसतं वॉर्निश मारा, आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून यंत्राच्या वहीत चिकटवा. पीण्यातल्या एका पोराने ती जागा हेडस्टॉकच्या मागे राखली आहे. त्याच्या लेथवर करडा, फिका हिरवा, पुन्हा करडा आणि निळा, असे चार मालक दिसतात. पाचवा तो स्वतः.