समतोलाकडून फेसाकडे

घरातल्या काचेच्या टाकीत समुद्रातले जीव जगवण्याची धडपड पावणेदोनशे वर्षांची आहे. त्यातली पहिली शंभराहून अधिक वर्षे एका अर्धवट प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेली, असे माझे मत आहे. पाण्यात प्राणवायू कसा टिकवायचा, हा तो प्रश्न. तो खोटा नव्हता. प्राणवायू संपला की मासा पृष्ठभागाशी येऊन तडफडतो, हे कुणालाही दिसते. पण जी दिसत नाही ती, पाण्यात विरघळून साचत जाणारी घाण बाहेर कशी काढायची, हा दुसरा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. प्रोटीन स्किमर हे यंत्र त्या दुसऱ्या प्रश्नातून जन्माला आले. आज शौकीन मंडळी स्किमर सुधारण्याविषयी बोलतात तेव्हा विषय पंपाची ताकद आणि नळकांड्याची उंची इथेच घुटमळतो. या यंत्राचा इतिहास वेगळे सांगतो. टाकी स्वतःच्या बळावर स्वच्छ राहू शकते ही समजूत सोडून देणे हीच सर्वांत मोठी सुधारणा होती, आणि बाकीच्या सुधारणा तिच्या मागून आल्या.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला नेले. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये धर्माधिकारी होते. घर समुद्रापासून लांब. सुरुवातीला किनाऱ्यावरून ताजे पाणी मागवले जाई. पुढे तेच पाणी पुन्हा वापरायचे ठरले, आणि घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहू लागली. नंतर भांड्यात समुद्री शेवाळही आले. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे यायच्या आधी ते काम एका मोलकरणीच्या मनगटांनी केले. तिची नोंद ठळकपणे व्हायला हवी. १८५० साली रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला गोल्डफिशचा प्रयोग मांडला. मासा सोडतो तो कर्बवायू पाणवनस्पती घेते, वनस्पती सोडते तो प्राणवायू मासा घेतो, कुजकी पाने गोगलगाय फस्त करते; असा समतोल साधला की पाणी बदलायची गरज उरत नाही. ही कल्पना इतकी देखणी होती की तिने लोकांना भुरळ घातली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे स्वतंत्र दालन उघडले, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' प्रसिद्ध झाले, आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची लाटच आली. टाकीतले जीव मेले की पुन्हा किनाऱ्यावरून नवे आणायचे, असा तो शौक होता. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी पुढे खंतावून लिहिले आहे की या हौसेने इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओसाड झाली.

समतोलाच्या हिशेबात एक रकाना राहून गेला होता: बाहेरून पडणारे अन्न. माशाला रोज खायला घातले की त्या खाण्यातले प्रथिन टाकीतच राहते, मग ते माशाच्या अंगात असो, विष्ठेत असो वा न खाल्लेल्या तुकड्यांत. प्रथिन कुजले की अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट साचत जाते. गोड्या पाण्यातल्या जोमदार वनस्पती त्यातले बरेच शोषून घेतात. प्रवाळांना मात्र पोषकद्रव्ये जवळजवळ नसलेल्या, नितळ पाण्याची सवय असते. व्हिक्टोरियन काळात याचे उत्तम उत्तर शोधले ते विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा हौद जमिनीखाली बांधला आणि पाणी सतत खालीवर फिरते ठेवले. उपाय नामी होता, पण तो घाण पातळ करण्याचा होता, काढण्याचा नव्हे. शिवाय असा हौद कुणाच्या घरात मावणार? समुद्रकाठच्या मत्स्यालयांना ही अडचण कमी. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर उभे राहिले. अशा जागी पाणी बदलणे हा उपाय हाताशी असतो. अर्थात पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी गढूळ होते आणि त्याची क्षारताही उतरते, म्हणजे समुद्र शेजारी असला तरी तो बाराही महिने कामाचा असतोच असे नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला टाकीच्या तळाशी, वाळूखाली बसवायचे फिल्टर रूढ झाले. वाळूतले जिवाणू अमोनिया संपवत, त्यामुळे समुद्री मासे घरात जगू लागले. अमेरिकेत रॉबर्ट स्ट्रॉन यांनी ही पद्धत घरोघरी नेली. प्रवाळ मात्र मरतच राहिले, कारण घाणीचे रूप बदलले तरी ती टाकीतच होती. कोंडी फुटली ती १९६०च्या दशकात, पश्चिम जर्मनीत. तिथले बहुतेक शौकीन समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आणि विकतचे मीठ मिसळून केलेले पाणी महाग. पाणी फेकून देणे परवडत नसेल तर पाण्यातून घाणच वेगळी करायला हवी, हा विचार तिथेच पिकावा यात नवल नाही. एर्विन झांडर आणि नॉर्बर्ट टुंझे यांनी घरगुती टाकीला पेलतील असे स्किमर तयार केले. तत्त्व जुनेच होते. १८७७ साली ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी बुडबुड्यांवर तरंगवून ग्रॅफाइट वेगळे काढण्याचे पेटंट घेतले होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींत जस्ताचे खनिज फेसातून निघू लागले होते. आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीत भेंडीचा चिकट रस घालून उसाच्या रसावरची मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. स्किमर हेच करतो, फक्त चुलीवाचून आणि चोवीस तास. प्रथिनाच्या रेणूचे एक अंग पाण्याला धरते आणि दुसरे पाण्यापासून पळते. बुडबुडा भेटला की पळणारे अंग हवेत शिरते आणि रेणू बुडबुड्याला चिकटतो. असे लाखो बुडबुडे नळकांड्यात वर चढून फेस होतात, फेस अरुंद मानेतून वरच्या कपात सांडतो, आणि कपात काळपट, उग्र वासाची मळी जमते. ती सडून अमोनिया होण्याआधीच टाकीबाहेर गेलेली असते. सगळे मर्म या 'आधीच'मध्ये आहे.

इथून पुढचा स्किमरचा इतिहास म्हणजे बुडबुडा लहान करण्याचा इतिहास. हिशेब साधा आहे. एक लिटर हवेचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर भरतो. व्यास अर्धा केला तर बारा. शिवाय लहान बुडबुडा सावकाश चढतो, म्हणून पाण्याशी त्याची गाठभेट लांबते. खाऱ्या पाण्यात लहान बुडबुडे एकमेकांत चटकन मिसळत नाहीत, ही निसर्गाची मोठी मदत. गोड्या पाण्याच्या टाकीत स्किमर जवळजवळ निकामी ठरतो तो याचमुळे. पहिल्या स्किमरांत लिंडन लाकडाच्या ठोकळ्यातून हवा सोडत. त्यातून बुडबुडे सुरेख येत, पण लाकूड काही आठवड्यांत चोंदे आणि फेस मंदावे. मग व्हेंच्युरी आली: पंपाचे पाणी अरुंद गळ्यातून वेगाने गेले की ते हवा आपोआप ओढून घेते. १९९०च्या दशकात अमेरिकेत उंच नळीतून पाणी जोराने खाली आदळवणारे स्किमर निघाले, आणि बागेतल्या कारंज्यासाठी बनवलेला बेकेट कंपनीचा नोझल कुणीतरी स्किमरला जोडून पाहिला. दोन्हींना दणकट पंप लागे. घराला परवडणारी वाट सुयांच्या चक्रातून निघाली: पंपाच्या इम्पेलरला पात्यांऐवजी बारीक सुया लावल्या की आत ओढलेली हवा तिथल्या तिथे चिरली जाते. त्याहून धीट पाऊल शौकिनांनी घरच्या टेबलावर टाकले. त्यांनी सुया कापून त्या जागी प्लास्टिकची जाळी बांधली, पाण्याच्या नळीला बारीक फिरणारा व्हॉल्व्ह बसवला, तेच पाणी नळकांड्यात पुन्हा पुन्हा फिरवले. कारखान्यांनी यातले बरेच नंतर उचलले. या यंत्राच्या प्रगतीत हौशी हातांचा वाटा कारखान्यांच्या तोडीचा आहे, असे मी मानतो.

यावर पहिला आक्षेप असा की स्किमरवाचूनही प्रवाळ जगवले गेले आहेत. खरे आहे. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक (म्हणजे जिवाणू आणि लहान जीवांची वस्ती असलेले समुद्रातले खडक) आणि हवेचा साधा झोत एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. वॉल्टर एडी यांनी अमेरिकेत स्मिथसोनियनमध्ये उजेडाखाली वाढवलेल्या शेवाळाकडून पाणी स्वच्छ करून घेतले. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवली. पण प्रत्येक पद्धतीत घाण बाहेर जाते कुठून, हे नीट पाहावे. एडींचे शेवाळ ठरावीक काळाने खरवडून फेकावे लागते. जोबेर यांच्या वाळूत नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत उडतो. ली यांच्याजवळ उष्ण कटिबंधातला समुद्र होता आणि ताजा खडक होता. तो मार्ग भारतातल्या शौकिनाला बंद आहे; २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते तिथे आहेत हे योग्यच आहे. म्हणजे स्किमरविरहित टाक्यांनीही दार बंद ठेवलेले नाही, फक्त दुसरीकडे उघडले आहे. बर्लिनच्या शौकिनांनी दोन्ही दारे उघडली. डीट्रिश श्ट्यूबर आणि त्यांच्या साथीदारांनी जिवंत खडक, प्रखर दिवे आणि जोमदार स्किमर यांची सांगड घातली, आणि प्रवाळ केवळ जगले नाहीत, तर फांद्या तोडून इतरांना देण्याइतके वाढले. वॉरिंग्टन यांच्या समतोलाला जे साधले नाही ते इथे साधले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००९च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी स्किमर मोजून पाहिले. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनापैकी स्किमर साधारण २० ते ३५ टक्केच काढू शकतो, आणि वेगवेगळ्या रचनांच्या स्किमरांत जाहिराती सांगतात तेवढे अंतर नाही, असे त्यांना आढळले. उरलेला भाग बुडबुड्याला चिकटणाराच नसतो. त्याला बुडबुडा कितीही बारीक करून उपयोग नाही. मग ही अर्धशतकाची सुधारणा वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. काढता येण्याजोगा जो भाग आहे, तो काढायला पूर्वी जितकी वीज आणि जागा लागे, त्याच्या अंशात आज काम होते. स्किमर पाण्यात भरपूर हवाही मिसळतो, म्हणजे थिनबाईंच्या मोलकरणीचे कामही तोच करतो. चिकटत नाही त्या भागासाठी सक्रिय कोळसा आहे, जिवाणू आहेत, पाणी बदलणे आहे. पण फेल्डमन यांच्या मोजमापांचा एक अर्थ टाळता येत नाही: आणखी महागडे यंत्र घेऊन आता फारसे पदरात पडणार नाही.

पदरात पडते ते यंत्राच्या देखभालीतून. स्किमरच्या मानेच्या आतल्या बाजूला स्निग्ध थर धरतो आणि फेस वर चढायचा थांबतो. व्हेंच्युरीच्या तोंडाशी मीठ साचून हवा कमी होते. स्किमर बसवलेल्या खालच्या टाकीतली पाण्याची पातळी बाष्पीभवनाने उतरली की फेसाची उंची बिघडते. म्हणून नवा स्किमर विकत घेण्याआधी आठवड्यातून दोनदा जुन्याची मान पुसा, हवेची नळी कोमट पाण्याने धुवा, पातळी स्थिर ठेवा, आणि महिनाभर कपातल्या मळीचा रंग पाहा.